पश्चिमेच्या भिंतीला सावली हवी, पण कोणत्या झाडाची?

पत्र : आमचे घर मुलुंड (पूर्व) येथे आहे. तळमजला आणि वर गच्ची, बांधकाम 1968 सालचे. पश्चिमेच्या अंगणातला जुना गुलमोहर गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्री उन्मळून पडला. कुणाला इजा झाली नाही, कुंपणाची भिंत तेवढी पडली. आता त्या बाजूच्या दोन खोल्या संध्याकाळी भट्टीसारख्या तापतात. घर आणि कुंपण यांच्यामध्ये पश्चिमेला 14 फूट, दक्षिणेला 6 फूट (तिथून मैलावाहिनी जाते), उत्तरेला 9 फूट (तिथे जमिनीखाली पाण्याची टाकी आहे) आणि पूर्वेला, फाटकाच्या बाजूस, 18 फूट जागा आहे. जोराच्या पावसात अंगणात पाणी साचते. मला पूजेसाठी पारिजातक हवा आहे, यजमानांना सोनचाफा, सूनबाईंना ताम्हण आणि मुलाला कुंपणालगत ओळीने अशोक किंवा पाम. शेजारी सांगतात की घराजवळ झाडच लावू नका, मुळे पायात शिरतात. गुलमोहराच्या जागीच नवे झाड लावावे का? ता. क. : नातवाने त्याच गुलमोहराचे बी पत्र्याच्या डब्यात पेरले होते, त्याला हातभर उंचीचे रोप आले आहे. त्याचे काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपण चारही बाजूंची मापे फुटांत लिहून पाठवलीत, मैलावाहिनी आणि टाकी कुठे आहे तेही कळवलेत, याबद्दल आधी आभार मानतो. कारण मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘घरासमोर थोडी जागा आहे’ एवढेच लिहिलेले असते आणि त्या ‘थोड्या’चा अर्थ तीन फुटांपासून तीस फुटांपर्यंत काहीही असू शकतो. आपल्या मापांवरून एक गोष्ट लगेच स्पष्ट होते. घरातल्या प्रत्येकाच्या आवडीचे एकेक झाड लावावे एवढी जमीन आपल्याकडे नाही. जमिनीत तीन झाडे लावता येतील आणि एक पिंपात. रोपवाटिकेत सगळीच रोपे कमरेएवढी असतात, म्हणून सगळीच मावतील असे वाटते. झाड निवडताना मात्र त्याचा पंधराव्या वर्षीचा घेर डोळ्यांसमोर आणावा, अंगणात तेवढ्या मापाची खडूने वर्तुळे काढावीत आणि कोणते वर्तुळ भिंतीत किंवा शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरते ते पाहावे. हे पोरखेळासारखे वाटेल, पण घरात चार मते असतील तर खडूच्या वर्तुळाइतका निःपक्षपाती पंच दुसरा मिळत नाही.

आधी गुलमोहराच्या जागेविषयी लिहितो, कारण ते काम पावसापूर्वी व्हायला हवे. त्या जागी नवे झाड लावू नये. झाड पडले आणि वरचे लाकूड पालिकेने उचलून नेले, तरी बुंध्याचा खालचा भाग आणि मनगटाएवढ्या जाड मुळ्या जमिनीत राहतात आणि पुढची काही वर्षे कुजत असतात. कुजण्याच्या काळात त्यांवर बुरशी वाढते, ती नव्या रोपाच्या मुळांना लागू शकते. मुळ्यांच्या जागी पोकळी होऊन माती खचते आणि वरचे झाड कलते. त्याहून मोठा धोका वाळवीचा. घराच्या भिंतीपासून सात-आठ फुटांवर कुजणारे लाकूड ठेवणे म्हणजे वाळवीला चौकटींपर्यंतची वाट दाखवणे होय, आणि 1968 च्या घराच्या चौकटी बहुधा सागवानी असल्या तरी कपाटांच्या पाठीचे प्लायवूड सागवानी नसते. म्हणून मे महिन्यातच मजूर लावून बुंध्याचा खुंट आणि हाताला येतील तेवढ्या मुळ्या उकरून काढाव्यात, जोत्याच्या बाजूला गेलेल्या मुळ्या मात्र ओढून न काढता करवतीने कापून तशाच सोडाव्यात, आणि खड्डा मातीने थराथराने चोपून भरावा. नवे झाड त्या खड्ड्यापासून पाच-सहा फूट दूर लावावे.

आता शेजाऱ्यांचे म्हणणे. ते अर्धे खरे आहे. झाडाची मुळे खिळ्यासारखी पायात घुसतात हा समज चुकीचा आहे. बहुतेक झाडांची अन्न-पाणी शोधणारी मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच असतात आणि ती आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. मुळाला नळ फोडता येत नाही, पण फुटलेला नळ बरोबर सापडतो. जुन्या घरांतून मैलावाहिनीचे नळ चिनी मातीचे असत आणि त्यांचे सांधे सिमेंटने भरलेले असत. सांध्यातून ओल झिरपू लागली की केसाएवढे मूळ आत जाते, आतल्या खतपाण्यावर पोसते आणि दोन-तीन वर्षांत नळात शेंडीसारखा गुच्छ तयार होतो. मग चेंबर तुंबते आणि दोष झाडावर येतो. खरा दोष सांध्याचा असतो, हे प्लंबरही खासगीत मान्य करतात. तात्पर्य, आपल्या दक्षिणेच्या सहा फुटांत कोणतेही झाड नको. तिथे तगर किंवा जास्वंद यांसारखी झुडपे लावावीत, तीही नळाच्या डोक्यावर नव्हे तर कुंपणाच्या कडेने. उत्तरेच्या टाकीच्या बाजूलाही झाड लावू नये; टाकीच्या भिंतीला बारीक तडा गेला तर तिथेही हाच न्याय लागू होतो आणि हे पाणी तर पिण्याचे असते.

मुळांमुळे प्रत्यक्षात मोडतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात. घराच्या पायाआधी कुंपणाची भिंत तडकते, कारण तिचा पाया जेमतेम हातभर खोल असतो; त्यानंतर अंगणातली फरशी उचलली जाते. वड, पिंपळ, उंबर, रबर आणि कुंड्यांतून मिळणारा शोभेचा फायकस या एकाच कुळातल्या मंडळींना मात्र घरापासून दूरच ठेवावे. फायकस कुंडीत फार गोजिरवाणा दिसतो आणि जमिनीत लावला की पाच वर्षांत आपले कूळ दाखवतो. पिंपळाचे रोप तर आपण न लावताही येते. पक्ष्याच्या विष्ठेतून बी गच्चीच्या कठड्यावर पडते आणि पहिल्याच पावसात भेगेत दोन पाने डोलू लागतात. ती दोन पानांची असतानाच मुळासकट काढावीत. हाताएवढी झाल्यावर कापली तरी भिंतीच्या आतून पुन्हा फुटतात.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की पंधरा फुटांपर्यंत वाढणारे झाड भिंतीपासून निदान सहा-सात फुटांवर, तीस फुटांपर्यंतचे झाड बारा ते पंधरा फुटांवर आणि त्याहून मोठे झाड पंचवीस फुटांच्या आत नको. नळ आणि टाकी यांच्यापासून लहान झाडही आठ फूट दूर असावे. शिवाय पूर्ण वाढलेल्या झाडाची कोणतीही फांदी खिडकीच्या ग्रिलपासून चार फुटांच्या आत येऊ देऊ नये, कारण मुंबईचा उंदीर फांदीला रस्ताच समजतो.

यानंतर मुख्य मुद्दा, म्हणजे पश्चिमेचे ऊन. इथे आपल्याला एक दिलासा देता येतो. मुंबईत 15 मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या वेळी भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. तापते ती गच्ची, आणि तिच्यासाठी झाडाचा उपयोग नाही. भिंत तापते ती दुपारी अडीचनंतरच्या तिरप्या उन्हाने. मेच्या मध्यावर साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे 35 अंशांवर असतो. अशा वेळी भिंतीपासून सात फुटांवर उभ्या असलेल्या पंधरा फुटी झाडाची सावली भिंतीवर दहा फुटांपर्यंत चढते. आपल्या तळमजल्याच्या खोल्यांना एवढी सावली पुरेशी आहे. गुलमोहराएवढे मोठे झाड तिथे पुन्हा लावण्याची गरज नाही. बुटके पण जमिनीपासून दाट वाढलेले झाड ते काम अधिक चांगले करते. उन्हाळ्यात सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता बराच वायव्येकडे सरकून मावळतो, म्हणून झाड खोलीच्या बरोबर समोर न लावता किंचित उजवीकडे, म्हणजे खिडकीतून बाहेर पाहताना उत्तरेच्या अंगाला, लावावे.

सावलीच्या झाडाबाबत आणखी एक अट मी फार महत्त्वाची मानतो आणि ती रोपवाटिकेत कोणी सांगत नाही. ते झाड मार्च-एप्रिलमध्ये पानांनी भरलेले असले पाहिजे. थंड प्रदेशांतल्या बागकामाच्या सल्ल्यात पानगळीची झाडे घराजवळ लावायला सांगतात, कारण तिथे हिवाळ्यात ऊन घरात यावे लागते. आपल्याकडे त्या उन्हाची कुणाला गरज नाही, आणि आपली बरीच देखणी फुलझाडे नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकून मोकळी होतात. पांढरा चाफा त्या वेळी नुसत्या जाड फांद्यांचा सांगाडा असतो, बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो पण सावली देत नाही, आणि पारिजातकही उन्हाळ्यात विरळ, मरगळलेला दिसतो. आपल्या गुलमोहराने मार्चमध्ये कधी गार सावली दिली होती का, हे आठवून पाहावे. त्याची पाने मे महिन्यात, फुलांच्या सोबतीने येत असत.

या दोन्ही अटींवर घासून पाहता पश्चिमेसाठी माझी पहिली पसंती कुंतीला आहे. रोपवाटिकेत ती ‘कामिनी’ किंवा ‘मधुकामिनी’ या नावाने मिळते. लोक तिला कुंपणासाठी कापून कापून कमरेएवढी ठेवतात, त्यामुळे ती झुडूपच आहे असा समज झाला आहे. मोकळी सोडली आणि खालचे तीन-चार सरळ दांडे राखून बाकीचे फुटवे काढत गेले, तर बारा-पंधरा फुटांचे, छत्रीसारखे गोल, बारमाही हिरवे झाड होते. लाकूड चिवट असल्यामुळे वादळात फांद्या सहसा मोडत नाहीत. पाने लहान, चकचकीत आणि गच्च असतात. पावसाच्या एखाद्या सरीनंतर चार-सहा दिवसांत झाड एकदम पांढरे होते, रात्री त्या फुलांचा वास खिडकीतून आत येतो आणि मग लाल फळांसाठी बुलबुल येतात. ज्यांना उग्र सुवासाने डोके दुखते अशी व्यक्ती घरात असेल तर मात्र हे आधी विचारून घ्यावे. दुसरे असे की कुंती ही लिंबाच्या कुळातली असून लिंबावर पडणारी सिला ही कीड तिच्यावरही वाढते. जवळच लिंबू असेल तर दोघांच्या कोवळ्या फुटीवर लक्ष ठेवावे लागते. चौदा फुटांच्या पट्टीत, भिंतीपासून सात फुटांवर, एकमेकींपासून दहा फूट अंतराने दोन कुंत्या लावाव्यात. दोन मिळून सावलीचा एकच पडदा होईल, म्हणून मी त्यांना एका झाडाच्या हिशेबात धरतो.

आपण बकुळीचे नाव काढलेले नाही, याचे मला थोडे आश्चर्य वाटले. सावलीची घनता, चिवटपणा, स्वच्छ पाने आणि सुकल्यावरही न जाणारा वास, या सगळ्यांत बकुळीला तोड नाही. पण ती फार सावकाश वाढते आणि एकदा वाढली की तिचा घेर आपल्या पट्टीत मावणार नाही. पंधरा वर्षे वाट पाहायची आणि सोळाव्या वर्षी छाटणीचा अर्ज करायचा, असे होऊ नये.

पारिजातकाविषयी आपला आग्रह मला पूर्ण मान्य आहे. जमिनीवर पडलेली फुले देवाला चालतात असे हे एकच झाड आपल्याकडे मानले जाते, त्यामुळे त्याची जागा ठरवताना झाड कुठे उभे राहील यापेक्षा फुले कुठे पडतील याचा विचार आधी करावा. पहाटे सगळी फुले एकदम गळतात. खाली स्वच्छ झाडलेली माती असेल तर ती वेचता येतात. फरशी असेल तर पायाखाली येऊन देठांचा केशरी रंग फरशीत मुरतो, आणि खाली मोटार उभी राहत असेल तर तिच्या टपावर. म्हणून पूर्वेच्या अंगणात, गाडी लागत नाही त्या कोपऱ्यात, भिंतीपासून सात-आठ फुटांवर तो लावावा आणि त्याच्याखालच्या सहा-सात फुटांच्या वर्तुळात पेव्हर ब्लॉक बसवू नयेत. सत्यभामेच्या दारातल्या पारिजातकाची फुले रुक्मिणीच्या अंगणात पडत, त्यावरून काय घडले ते आपण जाणताच. आजच्या मुलुंडमध्ये शेजारी फुलांबद्दल तक्रार करत नाहीत, पानांबद्दल करतात, आणि पारिजातकाचे पान इतके खरखरीत असते की पूर्वी लाकूड घासून गुळगुळीत करायला ते वापरत. ते सहज कुजतही नाही. कुंपणापासून पाच फूट आत लावल्यास हा वाद बराचसा टळतो. पावसाळा संपल्यावर फुलांचा बहर चालू असतो, तो ओसरल्यावर दरवर्षी फांद्या एकतृतीयांश मागे छाटाव्यात. छाटले नाही तर झाड उंच, किडमिडीत होते आणि फुले नुसती टोकाला येतात.

यजमानांच्या सोनचाफ्याबाबत मला अनुभवाने शहाणपण आले आहे, तो अनुभव सांगणे भाग आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, भिंतीपासून जेमतेम पाच फुटांवर, सोनचाफ्याचे रोप लावले. रोपवाटिकेने ‘कलमी आहे, दहा फुटांवर जाणार नाही’ असे सांगितले होते आणि मी कलमाचा जोड तपासून पाहिला नव्हता. ते बियांचे रोप निघाले. सात वर्षे त्याला फूल आले नाही. तोवर ते दुसऱ्या मजल्याच्या पुढे गेले होते. नंतर फुले आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या हाताला येतील अशा उंचीवर, आणि आम्ही तळमजल्यावरचे लोक वर्षानुवर्षे त्यांच्या ओंजळीवर अवलंबून राहिलो. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळात त्याची एक मोठी फांदी मोडून मागच्या पत्र्याच्या शेडवर पडली. झाड वाईट नव्हते, मी त्याला चुकीच्या जागी उभे केले होते.

बियांपासून वाढलेला सोनचाफा चाळीस-पन्नास फूट सहज जातो; तो घराजवळ लावण्याचे झाडच नव्हे. कलमी सोनचाफा मात्र पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून फुलतो आणि छाटणी करून आठ-दहा फुटांवर राखता येतो. वसई परिसरातले शेतकरी फुलांसाठी त्याच्या बागाच करतात आणि ती फुले दादरच्या बाजारात येतात. कलम ओळखायला अवघड नाही. खोडावर, मातीपासून चार-सहा बोटे वर, तिरका फुगीर सांधा हाताला लागतो; त्याच्या खालची साल आणि वरची साल वेगळी दिसते. सांधा दिसत नसेल आणि विक्रेता मातीखाली आहे म्हणत असेल, तर ते रोप घेऊ नये. सोनचाफ्याला पाय ओले राहिलेले अजिबात सोसत नाहीत, दोन दिवस पाणी साचले तरी पाने पिवळी पडतात. आपल्या अंगणात पाणी साचते, म्हणून यजमानांचा सोनचाफा दोनशे लिटरच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात, तळाला भोके पाडून आणि पिंप दोन विटांवर उचलून, फाटकाजवळ ठेवावा. पिंपातला सोनचाफा कमी फुलत नाही, आणि यजमानांना खुर्चीत बसल्या बसल्या फूल काढता येते.

आपल्या चिरंजीवांनी सुचवलेला ‘अशोक’ म्हणजे बहुधा तो सरळसोट उभा, लांब लहरी कडांच्या पानांचा आसुपालव. त्याला अशोक म्हणणे ही आपली जुनी गल्लत आहे. त्याच्या ओळीने जागा कमी अडते हे खरे, पण सावलीही त्याच प्रमाणात मिळते, आणि पावसाळ्याच्या सुमारास फळे पिकली की वटवाघळे रात्रभर मेजवान्या करून सकाळी भिंतीवर डाग आणि ओट्यावर बियांचा सडा ठेवून जातात. खरा अशोक, म्हणजे सीतेचा अशोक, हे वेगळेच झाड आहे. त्याचे पान जोडीजोडीच्या पर्णिकांचे असते, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती असते आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जुन्या फांद्यांवरही नारिंगी फुलांचे गेंद येतात. तो लहान, शांत आणि घराजवळ शोभणारा आहे, परंतु कोवळेपणी त्याला अर्धी सावली आणि ओलावा लागतो, पश्चिमेच्या उन्हात पाने करपतात. आपल्याकडे सावलीची मोकळी बाजू उरते ती टाकीची, म्हणून मोह आवरावा लागेल. पामविषयी थोडक्यात सांगतो. सावली नाही, फुले नाहीत, आणि वाळलेली झावळी केव्हा कुणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नाही. नारळाला हाच आक्षेप अधिक जोराने लागू आहे.

सूनबाईंचे ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. एप्रिल-मेमध्ये त्याचे जांभळे तुरे पाहिले की कुणालाही ते दारात असावे असे वाटते. ते मध्यम आकाराचे झाड आहे, तीस फुटांपर्यंत जाते, हिवाळ्याअखेर पाने तांबडी होऊन गळतात. ओल्या जमिनीत, ओढ्याकाठी वाढणारे असल्यामुळे पाणी साचण्याची त्याला भीती नाही, हा आपल्या जागेत मोठा गुण ठरतो. पूर्वेला अठरा फूट आहेत. पारिजातकाच्या विरुद्ध कोपऱ्यात, भिंतीपासून तेरा फुटांवर ते बसू शकते. मात्र तिथून विजेची किंवा केबलची तार जात नाही ना, आणि मैलावाहिनी रस्त्याकडे वळते तो चेंबर आठ फुटांच्या आत येत नाही ना, हे पाहावे. यांपैकी एकही अडचण असेल तर ताम्हणाचा हट्ट सोडावा. पूर्ण वाढलेली ही सगळी झाडे डोळ्यांनी पाहायची असतील तर एखाद्या सकाळी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावे. झाडाखाली उभे राहून वर पाहिल्यावर घेराचा जो अंदाज येतो, तो कोणत्याही छायाचित्रावरून येत नाही.

हा सगळा विचार लावण्यापूर्वीच करायचा, याला कायद्याचेही कारण आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा आपल्या खासगी अंगणातल्या झाडालाही लागू होतो. झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि मोठ्या फांद्या उतरवायच्या तरी पालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो. आपण लावले म्हणून आपण तोडू, असे चालत नाही, आणि चालू नये.

लावण्याची तयारी आत्तापासून करावी. मेमध्ये तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. मग एक सोपी परीक्षा करावी. खड्ड्यात चार-पाच बादल्या पाणी ओतावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावे. पाणी मुरले असेल तर उत्तम. तळाशी अजून चिखल-पाणी असेल तर ती जमीन भरावाची आणि घट्ट आहे असे समजावे. आपल्या भागाच्या पूर्वेला मिठागरे आणि खाडी असल्यामुळे असे असणे शक्य आहे. मग पारिजातक सपाट जमिनीत न लावता चार-पाच फूट रुंदीचा, वीतभर उंच उंचवटा करून त्यावर लावावा. बोअरिंगचे पाणी वापरत असाल तर ते चाखून पाहावे. मचूळ लागले तर नव्या रोपांना ते घालू नये. निघालेल्या मातीत एकतृतीयांश चांगले कुजलेले शेणखत आणि दोन ओंजळी निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनच्या आसपास येतो, पण पहिल्या सरीला घाई करू नये. जमीन हातभर ओली झाल्यावर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत केव्हाही लावावे.

रोप निवडताना सर्वांत उंच रोप उचलण्याचा मोह होतो. ते बहुधा पिशवीत दोन वर्षे अडकलेले असते. पिशवीच्या तळाची भोके पाहावीत; तिथून जाड मुळे बाहेर येऊन जमिनीत गेलेली असतील तर ते रोप सोडून द्यावे. मध्यम उंचीचे, अंगठ्याएवढ्या बुंध्याचे रोप घ्यावे. लावताना प्लास्टिकची पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढावी (आमचे एक माळी ‘आपोआप कुजते’ म्हणत पिशवीसकट लावत असत) आणि गोळ्याच्या कडेने गोल गोल फिरलेली मुळे दिसली तर ती धारदार कात्रीने तीन-चार ठिकाणी कापावीत. न कापल्यास ती तशीच वर्तुळात जाड होत जातात, झाडाला पसरट आधार मिळत नाही आणि दहा वर्षांनी वादळात ते बुडासकट कलंडते. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच जमिनीत बसवावे, कलमाचा जोड मातीत गाडू नये. आधाराला बांबू रोवून सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैल बांधावी आणि वर्षभराने काढून टाकावी. आधाराची सवय लागलेले खोड जाड होत नाही. पावसात आळे एका बाजूने फोडून ठेवावे. खरी काळजी ऑक्टोबरपासून पुढे घ्यावी लागते. पहिली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा, झाडागणिक दोन बादल्या पाणी आणि बुंध्याला न टेकणारे पालापाचोळ्याचे आच्छादन, एवढे सांभाळले की मग कुंती आणि ताम्हण फारसे काही मागत नाहीत.

कुंपणाची भिंत अजून बांधायची असेल तर कुंत्या लावण्याआधी बांधून घ्यावी, म्हणजे गवंड्यांच्या पाटीखाली रोपे येणार नाहीत. बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा घालण्याची टूम गवंडी हमखास काढतील. त्याला ठाम नकार द्यावा. वर सिमेंट घातले की पाणी आणि हवा दोन्ही तुटतात आणि मुळे पसरत नाहीत. आपला गुलमोहर कट्ट्यात होता की मोकळ्या मातीत, हे आपण लिहिलेले नाही, पण कट्ट्यात असेल तर त्याच्या पडण्याचे एक कारण तिथेच मिळेल.

आता ता. क. नातवाचे रोप आपल्या अंगणात लावू नये, हे वरच्या सगळ्या मजकुरावरून त्यालाही पटेल. गुलमोहराला पसरायला तीस-चाळीस फुटांचे मैदान लागते; गावी शेत असेल तर बांधावर, नाहीतर शाळेच्या मैदानाच्या दूरच्या कडेला, मुख्याध्यापकांना विचारून, या जुलैत त्यानेच ते लावावे. तोपर्यंत त्याला पत्र्याच्या डब्यातून मोठ्या कुंडीत हलवावे, कारण गुलमोहराची मुळे डब्यात लवकर वेटोळे घालतात. आणि डब्याच्या तळाला भोके आहेत की नाहीत, एवढे मात्र आजच पाहून घ्यावे.